ओळ न देणाऱ्या वत्सलाबाई

वत्सलाबाईंची नि माझी पहिली ओळख झाली ती मी त्यांना हसलो तेव्हा. गौरवग्रंथात पहिल्या भेटीचं वर्णन नमस्काराने सुरू व्हावं अशी रीत आहे. माझ्या वाट्याला ते सुख नाही. मंडळींनी सांभाळून घ्यावं.

राजवाड्यामागच्या गल्लीत माझं भांड्यांचं दुकान आहे. भांडी विकणं हा वडिलांचा धंदा, नि भांड्यांवर नावं घालणं हे माझं हातचं काम. शाळा मी लहानपणीच सोडली. अक्षरं शिकलो ती छिन्नीच्या टोकाने. मुलूख तमिळ, म्हणून तमिळ नि इंग्रजी गिऱ्हाइकांमुळे आली. देवनागरी आली ती पिढ्यान्पिढ्या इथे राहिलेल्या आपल्या मराठी घरांतल्या जुन्या पितळी भांड्यांवरून. लोक आजीची घागर घेऊन येत नि म्हणत, "हनुमंतराव, हे नाव जसंच्या तसं नव्या भांड्यावर उतरवा." आणणाऱ्याला ते वाचता येत नसे, मलाही येत नसे. उतरवता उतरवता येऊ लागलं. गिऱ्हाईक समोरून कागद धरतं, म्हणून मला उलटं अक्षरही सुलट्यासारखं वाचता येतं. ह्या गोष्टीचा मला फार गर्व होता. तो पुढे कसा उतरला ते येईलच.

वत्सलाबाई तेव्हा तिरुवैयारूजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत नव्यानेच रुजू झाल्या होत्या. एका दुपारी बगलेत काळी छत्री नि मागे ऑटोवाल्याच्या डोक्यावर ताटांची चळत, अशा त्या दुकानात आल्या. शाळेतल्या मुलांच्या जेवणाची ताटं.

"नावं घालायची ना?" मी विचारलं.

"नावं नकोत. ह्यावर मासा काढा. ह्यावर किल्ली. ह्यावर फणी, ह्यावर भाताची लोंबी."

"कां हो बाई?"

"माझ्या वर्गात काही मुलांना आपलं नाव वाचता येत नाही. दुसऱ्याचं ताट उचललं की मार खातात."

मी मोठ्याने हसलो. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनाही हसवलं. म्हणालो, "नाव वाचता येत नाही तर ती शाळा कसली? इकडे पाठवा त्यांना, मी शिकवतो."

वत्सलाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. छत्री टेकून उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, "पाठवीन. आधी मासा काढा."

मासा मला धड जमला नाही. शेपूट एकीकडे, डोकं भलतीकडे. त्यांनी तो नीट न्याहाळला नि म्हणाल्या, "पुरे. ज्याचा आहे त्याला कळेल." तेव्हापासून आमचा स्नेह जडला. त्या आल्या की मी कॉफी मागवायचो नि त्या मला रागवायच्या.

त्यांच्या कामाबद्दल ह्या ग्रंथात माझ्याहून शिकलेली माणसं लिहितील. खेड्यातल्या शाळांतून मुख्याध्यापिकेपर्यंत त्या कशा गेल्या, मागे पडणाऱ्या मुलांना शिकवायचं वेगळं शिक्षण त्यांनी नोकरी सांभाळून कसं घेतलं, निवृत्तीनंतर घराच्या ओसरीवर मुलं कशी जमू लागली, हे सगळं त्यांना ठाऊक आहे. मला ठाऊक आहे ती त्यांची एक खोड. त्या कोणाच्याही वतीने बोलत नाहीत. खेड्यातला एखादा बाप येऊन म्हणायचा, "टीचरम्मा, तुम्हीच चला नि साहेबाला सांगा." त्या चालायच्या, उन्हातान्हात टाऊन बसने जायच्या, कचेरीच्या बाकावर सकाळपासून बसायच्या. पण साहेबासमोर गेल्यावर तोंड उघडायचं ते बापाने. तो त-त-प-प करायचा, घामाघूम व्हायचा, वत्सलाबाई बाजूला छत्री टेकून उभ्या. लोक नावं ठेवायचे, "एवढं येतात नि मुकाट उभं राहतात, मग येतात कशाला?" मीही ठेवली आहेत. एकदा विचारलंही. म्हणाल्या, "मी बोलले तर तो घरी जाऊन बायकोला सांगणार, टीचरम्मा बोलल्या. मुलाने ऐकायला हवं, की बाप बोलला."

माझी बायको गेली तेव्हाही त्या अशाच आल्या. डब्यात दहीभात होता. समोर बसून जेवल्या, मला जेवायला लावलं, नि डबा घासून घेऊन गेल्या. सांत्वनाचा एक शब्द नाही. त्या दिवसांत मला भेटायला आलेल्यांपैकी कोण काय बोललं ते मी विसरलो. दहीभात विसरलो नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलो ती सांगतो. सांगताना मान खाली जाते, पण वत्सलाबाईंचा गौरव करायचा नि माझी लाज झाकायची, ही दोन्ही कामं एकदम होणार नाहीत.

माझी नात यमुना, आमची यमू; मला आजोबाला ती ताता म्हणते. कान असा की एकदा ऐकलं की कायमचं. आपल्या घरांत ह्या गुणाचं केवढं कौतुक, ते मंडळींना सांगायला नको. देवनागरी वाचणारे आपण मूठभर. आरत्या, अभंग, स्तोत्रं, सगळं कानावरून आलेलं. भजनाला बसलं की एखादा जाणता माणूस पुढची ओळ हळूच पुटपुटतो नि लहान मूल ती खणखणीत उचलतं. ह्याला आपण ओळ देणं म्हणतो. आमच्या घरी ओळ देणारा मी, उचलणारी यमू. तिरुवैयारूला आजोळी गेली तरी लोक म्हणायचे, पोरगी म्हणजे सरस्वती.

आणि ह्या सरस्वतीला वाचता येत नव्हतं. तमिळ नाही, इंग्रजी नाही. अक्षरं ओळखायची, पण शब्दाचं डोकं धरायची नि शेपूट आपल्या मनाचं लावायची. एका ओळीतून दुसरीत घसरायची. अक्षरं कोरणाऱ्याच्या घरात अक्षराशी वैर! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. यमूची आई, माझी सून हेमा, म्हणायची, "मामंजी, हा आळस नाही. काहीतरी वेगळं आहे." मी म्हणायचो, "वय आहे. येईल."

मग शाळेत तपासणीची माणसं येणार असं कळलं. ज्या मुलांना वाचण्या-लिहिण्यात अडचण आहे त्यांना हेरून मदत द्यायची, असं ते काम. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, बरं झालं, देव पावला. मी काय केलं? पुस्तकातला एकेक धडा यमूला वाचून दाखवला. तिने तो उचलला. बोट कुठल्या ओळीवर न्यायचं, पान कुठल्या शब्दाला उलटायचं, तेही मी बसवून घेतलं. हेमा दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "मामंजी, ह्याने काय मिळणार?" मी म्हणालो, "वरपक्षासमोर कोणी पोरीचं वैगुण्य मांडतं का?"

तपासणीवाल्यांनी धडा दिला. यमूने तो असा म्हटला की त्यांनी मान डोलावली. शेरा आला: वाचन अस्खलित, वयानुसार उत्तम, विशेष मदतीची गरज नाही. आमच्या घरी त्या दिवशी केसरी, म्हणजे इकडचा केशरी शिरा, केली. मीच शेजारी वाटली.

पुढे वरच्या वर्गात गेल्यावर प्रश्नपत्रिकेतला मजकूर न पाहिलेला येऊ लागला. त्याला काय ओळ देणार? उत्तर तोंडावर असायचं, पण प्रश्न काय आहे ते कळायचं नाही. यमू नापास होऊ लागली, मग गप्प होऊ लागली, मग गाणंही बंद. दहावीची परीक्षा तोंडावर आली. शाळेतल्या बाईंनी सुचवलं की लेखनिक नि जास्तीचा वेळ मागा, प्रश्न वाचून दाखवणारं कोणी मिळालं तर पोर तरून जाईल. हेमाने अर्ज केला. नकार आला. कारण काय, तर आधीच्या तपासणीत वाचन उत्तम आढळलं आहे. माझीच केसरी माझ्या घशात अडकली.

यमू ऐकत होती. म्हणाली, "ताता, मी दुकानात बसू का? शाळा पुरे मला."

अपील करता येत होतं. हेमा म्हणाली, करू या. मी म्हणालो, "सूनबाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. अपील केलं की कागद कचेऱ्यांतून फिरणार. आपल्या गल्लीत भिंतींना कान नाहीत, दरवाजेच आहेत. उद्या पोरीचं लग्न करायचंय."

हेमा मला न विचारता वत्सलाबाईंकडे गेली. दुसऱ्या दिवशी छत्री दुकानाच्या पायरीवर वाजली.

"हनुमंतराव, कॉफी मागवू नका. बसा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणालात म्हणे."

"म्हणालो खरा."

"मूठ झाकलेली असली की तिच्यात कोणाला काही घालताही येत नाही. हे लक्षात आलं नाही?"

मी भांडं पुसत बसलो. आधीच चकचकीत होतं.

त्यांनी हेमाला सांगून यमूची डॉक्टरांकडून रीतसर तपासणी करवली, पाठ झालेलं नाही अशा मजकुरावर. दाखला मिळाला. पण वत्सलाबाई म्हणाल्या, दाखल्याने अर्धं काम होईल. आधीचा शेरा खोटा कां ठरवायचा, ते घरच्यांना सांगावं लागेल. म्हणून त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं नि सवय करायला लावली.

"सांगा हनुमंतराव, यमूला काय जमत नाही?"

"यमूला ना, गाणं फार छान. तोंडी हिशेब तर असा..."

"ते नाही विचारलं."

"स्वभावाने गरीब. भांड्याचं वजन हातात धरून सांगते."

"अहो, मी मुलगी बघायला आले नाही!"

हेमाला हसू फुटलं. मी म्हणालो, "पोरीला जरा आत पाठवा की. तिच्यासमोर कसं बोलू?"

"तिच्याबद्दल बोलायचं नि तिलाच आत पाठवायचं? तिला काय जमत नाही ते तिला तुमच्याआधीपासून ठाऊक आहे." मग यमूकडे वळून त्या म्हणाल्या, "काय गं, आत जातेस?"

"नाही, टीचरम्मा," यमू म्हणाली. "ताता काय सांगतात ते ऐकायचंय मला."

त्या संध्याकाळी मी एक वाक्य पुरं करू शकलो नाही. अवघा जन्म लोकांची नावं कोरली, नि नातीच्या अडचणीचं नाव जिभेवर येईना.

अपिलाच्या दिवशी आम्ही चौघं कचेरीत गेलो. मेजापलीकडे एक अधिकारी नि त्यांच्यासोबत दोघं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी दाखला वाचला, जुना शेरा वाचला नि तमिळ अदबीने विचारलं, "अय्या, इथे तर म्हटलंय मुलगी अस्खलित वाचते. दोन्हींतलं खरं काय?"

मी वत्सलाबाईंकडे पाहिलं. त्या छत्री टेकून बसलेल्या, नजर समोर. तेव्हा मला खेड्यातले ते बाप आठवले. कचेरीतून परतताना बाईंसोबत दुकानात टेकायचे; पाणीही मागवत नव्हतो बिचाऱ्यांसाठी, नुसता हसत होतो. शेवटी म्हणालो, "सार, तिने वाचलं नव्हतं. मी धडा पाठ करून घेतला होता. बोट फिरवायलाही मीच शिकवलं."

"कां असं केलंत?"

"लाजेपोटी, सार."

अधिकाऱ्यांनी मेजावरचं एक छापील परिपत्रक उचलून यमूपुढे ठेवलं. "हे वाच, अम्मा. येईल तेवढं."

आता जे घडलं ते लिहिताना आजही कान तापतात. यमूने कागदावर बोट ठेवलं. पहिला शब्द अर्धा आला. दुसरा भलताच आला. बोट पुढे सरकेना. मी तिच्यासमोर मेजाच्या कडेला बसलो होतो, कागद मला उलटा दिसत होता, म्हणजे मला सुलटाच. आणि माझ्या तोंडून, मला कळायच्या आत, पुढचा शब्द हळूच निघाला. त्याच्या पुढचाही. यमूच्या कानाने तो उचलला. वाचन सुरळीत चालू झालं! अधिकाऱ्यांच्या भुवया वर गेल्या. छत्रीचं टोक माझ्या पायावर टेकलं. मी थांबलो नाही. टोक रुतलं, तरी थांबलो नाही. ओळ दिल्याशिवाय राहवेचना. पोर समोर बुडते आहे नि मी काठावर बसून बघायचं?

थांबली ती यमूच. बोट तिथेच ठेवून तिने वर पाहिलं नि आपल्या बोलीत म्हणाली, "ताता, ओळ नका देऊ."

खोलीत कोणालाच ते कळलं नाही, आमच्या चौघांखेरीज. मग तिने अधिकाऱ्यांना तमिळमध्ये सांगितलं, "सार, ताता सांगत होते म्हणून आलं. आता मी एकटी वाचते."

आणि ती वाचू लागली. मंडळी, मी नातीला कधी वाचताना पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं तिच्या तोंडून माझाच आवाज ऐकत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एकेक अक्षर म्हणजे विहिरीतून काढलेली घागर, नि वर येईतो निम्मी रिकामी. दोन ओळींना केवढे कष्ट! रोज शाळेत हे करून घरी येत होती, नि वर माझ्या समाधानासाठी सरस्वती होत होती. माझी नजर आपोआप जमिनीकडे गेली.

अधिकारी म्हणाले, "पुरे, अम्मा." मृदूपणे म्हणाले.

बाहेर आल्यावर झाडाखाली वत्सलाबाईंनी चहावाल्याकडून सगळ्यांना कॉफी दिली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला कॉफी पाजली. यमू नि हेमा जरा पुढे गेल्यावर म्हणाल्या, "लाज वाटली ना?"

"वाटली, बाई. मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"वाटू दे. वाटायलाच हवी. पण ती वाचत असताना तुम्ही खाली कां बघितलंत?"

"माझी मला लाज वाटली म्हणून."

"तिला ते कसं कळणार? ती वर बघते नि आजोबांची मान खाली. तिला वाटतं, माझ्यामुळे. लाज तुमची असेल तर तुमच्यापाशी ठेवा. तिच्या ताटात वाढू नका."

एवढंच बोलल्या नि छत्री उघडून उन्हात चालू लागल्या. मी तिथून यमूला हाक मारली. ती वळली. मी तिच्याकडे बघितलं, सरळ, मान वर करून. ती म्हणाली, "काय ताता?" म्हटलं, "काही नाही. बघतोय."

निकाल आमच्या बाजूने लागला. लेखनिक मिळाला, वेळ मिळाला, प्रश्न वाचून दाखवणारं माणूस मिळालं. यमू पास झाली, पुढे शिकते आहे. गल्लीत बोलायचे ते बोलले. नंतर त्यांतलीच दोन घरं, दार लोटून, आवाज खाली करून, "टीचरम्मांचं घर कुठलं हो?" असं विचारत माझ्या दुकानात आली. मी त्यांना हसलो नाही. पत्ता सांगितला नाही, सोबत गेलो. आणि वाटेत तोंड मिटून चाललो, हे जमवायला मला फार कष्ट पडले.

लाज गेली असं मी म्हणणार नाही. ताटांवर मासा काढून घेणाऱ्या त्या मुलांना मी हसलो होतो. त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत की माफी मागू म्हणावं. माझ्याच घरात तसं ताट लागलं तेव्हा मी त्यावर खोटं नाव कोरायला बसलो होतो. ही लाज माझ्यापाशीच राहू द्या. वत्सलाबाईंनी सांगितलं आहे, तिची जागा तीच.

पंचाहत्तरीनिमित्त वत्सलाबाईंना काय द्यावं ह्याचा घरी खल झाला. दुकानातला चांगला जाड पितळी पेला नि डबरा, म्हणजे पेल्याखालची खोलगट वाटी, काढला, कॉफीसाठी. मी छिन्नी घेतली नि विचारलं, "यमू, नाव कुठल्या लिपीत घालू?" ती म्हणाली, "नाव कशाला, ताता? छत्री काढा." काढली. माशापेक्षा बरी जमली आहे. एक काडी वाकडी गेली, पण ज्यांची आहे त्यांना कळेल.

त्या पेल्यातली कॉफी वत्सलाबाईंनी पुढची पुष्कळ वर्षं गरम गरम प्यावी. त्यांचे गुडघे बसच्या पायऱ्यांना पुरावेत, डोळ्यांना ऊन सोसावं, नि कोणाच्याही वतीने न बोलण्याची त्यांची खोड तशीच राहावी. सोहळ्याच्या दिवशी हा लेख सर्वांसमोर म्हणायचं यमूने ठरवलं आहे. पाठ करते आहे. घरी एकदोनदा अडकली. मी समोर बसलो होतो, ओठ घट्ट मिटून, तिच्याकडे बघत.